लाइफ ड्रॉइंगला परत बसण्याआधी

बऱ्याच वर्षांनी लाइफ ड्रॉइंगला, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलकडे बघून चित्र काढायला, परत जायचं असेल, तर नवीन सामानाची यादी करण्याआधी जुना डबा उघडा. चारकोलच्या, म्हणजे चित्रासाठीच्या कोळशाच्या, कांड्या वर्षानुवर्षं टिकतात. तुटल्या असतील तर उत्तमच, तुकडा आडवा धरून छाया झटपट भरता येते. पुटी रबर (मळून हवा तो आकार देता येणारा मऊ खोडरबर) मात्र कडक किंवा चिकट झालेलं असणार, ते नवं घ्या. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, पिवळा पडला असेल तरी टाकू नका, सुरुवातीच्या क्विक स्केचेसना तोच वापरा.

नवा कागद स्वस्त, मोठा आणि भरपूर हवा. अर्ध्या किंवा एका मिनिटाच्या पोझेस असतील तर बघता बघता पंचवीस-तीस कागद संपतात, आणि भारी कागद समोर असला की हात आखडतो. आकार निदान ए२, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर. लहान वहीत फक्त मनगट फिरतं. खांद्यापासून हात फिरवायची सवय मोडलेली असते आणि ती मोठ्या कागदावरच परत येते. बोर्ड, क्लिपा, ओली फडकी, मळले तरी चालतील असे कपडे, बस्स.

चष्म्याचा विचार सहसा कुणी करत नाही. मध्ये बरीच वर्षं गेली असतील तर नंबर बदललेला असतो, आणि इथे नजर सारखी मॉडेलकडून कागदावर आणि परत जाते. बायफोकल असेल तर दर वेळी मान वरखाली करावी लागते. घरीच बोर्ड हातभर अंतरावर उभा करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ठेवा आणि कोणत्या चष्म्यातून दोन्ही नीट दिसतं ते ठरवा. बोर्ड उभाच ठेवायची सवयही याच वेळी करा. मांडीवर आडवा धरला की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आकृती नकळत ताणली जाते.

आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ स्वतःचा रिकामा हात काढा, कागदाकडे न बघता. चित्र विचित्रच येईल, येऊ द्या. शरीरशास्त्राची जाड पुस्तकं आत्ता नकोत. एवढं आठवलं तरी पुरे: ज्या पायावर भार, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर, आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली.

सत्र निवडताना छोट्या पोझपासून मोठ्या पोझकडे जाणारं निवडा. पहिल्याच दिवशी तीन तासांची एकच पोझ घेतलीत, तर पहिल्या दहा मिनिटांत चुकलेलं प्रमाण उरलेला वेळ सजवत बसाल. इझल (बोर्ड उभा ठेवायचा स्टँड) तिथे मिळतो का, चारकोल चालतो का, हे आधीच विचारा. मोबाइल पिशवीत, फोटो अजिबात नाही, मॉडेलला हात लावायचा नाही, शरीरावर शेरे नाहीत. विश्रांतीच्या वेळी जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा पायाने उखडणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. मॉडेल त्याच खुणांवर परत उभं राहतं.

प्रत्यक्ष काढताना डोकं मोठं होतं आणि पावलं कागदाबाहेर जातात, हे जवळपास ठरलेलं. म्हणून आधी वर डोक्याची आणि खाली टाचेची खूण करा, मगच रेघ ओढा. जुना पोर्टफोलिओ जाण्याआधी मुळीच उघडू नका. तुलनेचा हा मोह फार वाईट.

घरी आणताना प्रत्येक चित्रावर एक कोरा कागद ठेवा, नाहीतर चारकोल एकमेकांवर उमटतो. फिक्सेटिव्ह (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारायचंच असेल तर मोकळ्या हवेत, आणि ज्या चित्राला ते मारावंसं वाटेल त्यालाच.