भिंती रंगवण्याआधी : बैजिक राशीवरून क्षेत्रफळ कसे काढावे

खोली रंगवायला काढली की रंगारी आधी विचारतो, किती चौरस फूट? चारही भिंती वेगवेगळ्या मोजून बेरीज करत बसण्यापेक्षा एकच बैजिक राशी (म्हणजे संख्यांच्या जागी अक्षरे घेऊन केलेली मांडणी) नीट मांडली, तर हे उत्तर अधिक खात्रीने मिळते. लांबी ल, रुंदी र आणि उंची उ मानू. समोरासमोरच्या दोन भिंतींचे क्षेत्रफळ 2लउ आणि उरलेल्या दोन भिंतींचे 2रउ होते. दोन्ही मिळून 2उ(ल + र). यातून दाराचे क्षेत्रफळ द आणि दोन सारख्या खिडक्यांचे 2ख वजा केले, की आपली राशी तयार होते : 2उ(ल + र) − द − 2ख.

किमती घालण्याआधी सगळी मापे एकाच एककात आणावीत, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका इथेच होतात. टेपवर उंची 9 फूट 6 इंच भरली, तर ती 9.6 फूट लिहू नये; एका फुटाचे 12 इंच असल्यामुळे 6 इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून उ = 9.5. त्याच न्यायाने 9 फूट 9 इंच म्हणजे 9.75 फूट.

आता ल = 12, र = 10 घेऊ. दार 7 फूट बाय 3 फूट, म्हणून द = 21; प्रत्येक खिडकी 4 फूट बाय साडेतीन फूट, म्हणून ख = 14. अक्षराच्या जागी किंमत लिहिताना कंस जसाच्या तसा ठेवावा : 2 × 9.5 × (12 + 10) − 21 − 2 × 14. आधी कंस सोडवून 22, मग गुणाकार करून 418, आणि शेवटी 418 − 21 − 28 = 369 चौरस फूट. कंस गाळून 2 × 9.5 × 12 + 10 असे केले, तर भिंतींचेच क्षेत्रफळ अवघे 238 येते, आणि निम्म्या कामातच रंग संपतो.

छतही रंगवायचे असेल तर राशीत लर हे पद मिळवावे. 120 वाढून एकूण 489 होतात. रंग विकत घेताना डब्यावरचा चौरस फुटांचा आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे वाचूनच भागाकार करावा. मजुरीच्या हिशेबात दारे-खिडक्या वजा धरणार की नाही, तेही रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे. तो वजा धरणार नसेल, तर राशीतली − द आणि − 2ख ही दोन पदे तेवढी गाळायची.