तयार सॉफ्टवेअर घेताना डेमोला स्वतःचं किचकट बिल घेऊन जा

छोट्या धंद्यासाठी बिलं आणि स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर बघायला निघालं की सगळे आधी विचारतात कितीला पडेल, खरं तर ते शेवटी विचारायचं. आधी कागद घ्या आणि गेल्या महिन्यात कुठल्या व्यवहारांनी डोकं खाल्लं ते लिहून काढा. म्हणजे माल खोक्याने घेतला पण विकला सुटा, गिऱ्हाईकाने दहातले तीन नग परत आणले आणि पैसे अर्धेच दिलेले होते, असलं काहीतरी. साधं बिल काय, कुठलंही सॉफ्टवेअर काढून देतं हो.

डेमोत सेल्सवाला स्वतःचा सॅम्पल डेटा उघडतो आणि त्यात कधीच काही अडत नाही. त्याला थांबवा, माऊस जो रोज बिलं फाडणार आहे त्याच्या हातात द्या आणि ते तीन नग परत घ्यायला सांगा. स्टॉक वाढला का, बाकी कमी झाली का, जुनं बिल तसंच राहून वेगळी क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे गिऱ्हाईकाच्या खात्यात वळते केल्याची चिठ्ठी) पडली का ते बघा. जुनं बिलच गुपचूप बदलत असेल आणि कोणी बदललं त्याची कुठे नोंदच राहत नसेल तर मी तरी तिथेच उठेन. "पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय" म्हणाला तर ते नाहीये असंच धरा.

मग डेटा बाहेर काढून बघा, हे जवळपास कोणी करत नाही. नुसता पीडीएफ रिपोर्ट कामाचा नाही, पार्ट्या (म्हणजे गिऱ्हाईकं आणि माल देणारे), आयटम, जुने व्यवहार सगळं एक्सेल नाहीतर सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाईल) निघालं पाहिजे. (सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की ००४५७ चा कोड ४५७ होतो, तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, तो कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा.)

आता पैसे. प्रत्येक युजरचं लायसन्स, जुना डेटा भरून द्यायचे, ट्रेनिंगचे, दरवर्षीचं मेंटेनन्स, हे सगळं तीन वर्षांचं जोडा मगच दोन पॅकेजची तुलना करा. कस्टमायझेशन, म्हणजे फक्त आपल्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेणं, शक्यतो टाळाच, प्रत्येक अपडेटनंतर ते चालतंय का परत तपासत बसावं लागतं.

सुरुवात महिन्याच्या एक तारखेला करा, आदल्या दिवशीचा स्टॉक मोजून आणि बाक्या जुळवून. पहिला महिना जुनी वही पण चालू ठेवा, कंटाळा येतो पण ठेवा, आणि महिनाअखेरीला दोन्हीकडचे आकडे जुळले तरच ती बंद करा.