तुटलेली तार वाचायची कशी
विजेची तार तुटली की सगळ्यांना आधी ती जोडून हवी असते. मला ती का तुटली हे शोधायला तिची दोन्ही टोकं हवी असतात. पण त्याआधी परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची लेखी परवानगी, आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडणं. खाली पडलेल्या तारेत वीज नाही असं कधीही धरून चालू नका.

मग फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. सबस्टेशनकडचं टोक कोणतं ते चिठ्ठीवर लिहून तिथेच बांधा. टोकं पुसू नका, एकमेकांना जुळवूनही पाहू नका; तुटलेला भाग घासला गेला की पुरावा संपला. हातभर लांब तुकडे कापून वेगवेगळ्या कागदात गुंडाळा.

रॅबिट कंडक्टर या जातीच्या वीजवाहक तारेत अ‍ॅल्युमिनियमच्या ६ तारा आणि मधे पोलादाची १. सातही भिंगाखाली पाहा. टोक ओढून निमुळतं झालं असेल तर ताण, बहुधा झाड पडलेलं. इन्सुलेटरच्या बांधणीजवळ सपाट तुटलेलं असेल तर वाऱ्याच्या कंपनाने आलेला थकवा. पांढरी भुकटी म्हणजे गंज.

वितळलेले मणी दिसले की लोक ‘शॉर्ट सर्किट’ लिहून मोकळे होतात. याचा मला फार त्रास होतो, कारण कुणाच्या तरी घरचं माणूस त्या तारेने गेलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. आधी तुटून मग जमिनीला लागलेल्या तारेवरही तसेच मणी येतात. म्हणून त्या सहांपैकी न वितळलेले धागे शोधा. दोन काळवंडलेले, म्हणजे जुने तुटलेले, आणि चार चकचकीत निघाले, तर ती तार आधीपासूनच तुटत आली होती.

शेवटी सबस्टेशनच्या लॉगबुकातली ट्रिपिंगची (लाइन आपोआप बंद पडल्याची) वेळ आणि गावकऱ्यांनी आवाज ऐकल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा.