पेरूत जाताय? कधी काय खायचं ते आधी बघून घ्या

पेरूत काय खायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण कधी आणि कुठे खायचं हे कोणी सांगत नाही आणि तिथे अर्धा खेळ त्याचाच आहे.

लिमाला उतरलात की आधी सेविचे, पण दुपारीच हां. कच्च्या माशाचे तुकडे, वर लिंबाचा रस, मीठ, लाल कांदा आणि आही लिमो नावाची तिखट मिरची, बास, चुलीचा संबंधच नाही, त्यामुळे मासा त्याच दिवशीचा लागतो आणि म्हणून बऱ्याच चांगल्या सेविचेरिया संध्याकाळ व्हायच्या आत शटर ओढतात. बाजूला उकडलेलं रताळं, टपोऱ्या दाण्यांचा मका आणि भाजलेले खारे मक्याचे दाणे. प्लेटच्या तळाला जो पांढुरका आंबट-तिखट रस उरतो तो लेचे दे तिग्रे, तो टाकू नका, चमच्याने प्या, खरी मजा तिथेच आहे. फक्त लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसला तरी जंतू मरतातच असं नाही, त्यामुळे प्रेग्नंट असाल किंवा पोट नाजूक असेल तर सरळ लोमो साल्तादो मागवा. कढईत मोठ्या आचेवर परतलेलं बीफ, कांदा, टोमॅटो, सोया सॉस, चिनी लोक तिथे स्थायिक झाले त्यांची ही देन, आणि सोबत फ्राईज पण आणि भात पण. बीफ नको तर पोयो साल्तादो, म्हणजे तेच चिकनमध्ये.

पैसे वाचवायचेत? मग दुपारी 'मेनू' मागा. तिथे मेनू म्हणजे ठरलेलं जेवण, सूप, मेन डिश आणि एक पेय, थोड्या सोलमध्ये (सोल म्हणजे तिथलं चलन) पोट भरतं. यादी बघायची असेल तर 'कार्ता' मागायचं.

व्हेज लोकांनी सूपला जपून, भाज्यांचं दिसलं तरी पाणी बहुतेक वेळा कोंबडीचं नाहीतर बीफचं असतं. 'सिन कार्ने, सिन पोयो', म्हणजे मांस नको, चिकन नको, हे पाठ करून ठेवा. आरेकिपा शहराचं सोल्तेरितो नावाचं सॅलड मस्त, त्यात चीज, मका, पावट्यासारख्या हिरव्या शेंगांचे दाणे, ऑलिव्ह.

पेयांमध्ये चिचा मोरादा सगळ्यांना चालते, जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग उकळून केलेली, दारू नाही. चिचा दे होरा मात्र आंबवलेली. कुस्कोजवळच्या गावांमधे घराबाहेर काठीला लाल कापड किंवा लाल प्लास्टिकची पिशवी लावलेली दिसली की आत ताजी चिचा आहे समजा. ग्लास भलामोठा येतो, पिण्याआधी चार थेंब जमिनीवर पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी, सांडतात, तुम्हीही सांडा, लोकांना आवडतं.

पिस्को सावर हे दारूचं कॉकटेल लिमातच उरकून घ्या. कुस्को जवळजवळ 3,400 मीटरवर आहे, तिथे पहिल्या रात्री दारू आणि तुडुंब जेवण दोन्ही नको, डोकं धरून बसाल. कीनुआचं सूप आणि कोकाच्या पानांचा चहा एवढ्यावर झोपा, कुय म्हणजे भाजलेला गिनी पिग खायचाच असेल तर दोन दिवसांनी खा. आणि ती कोकाची पानं तिथे दुकानात उघड मिळतात म्हणून बॅगेत भरून आणू नका, बहुतेक देशांत ती बेकायदा आहेत, टी बॅगसुद्धा.