मुलाला वाइल्डरनेस थेरपीसाठी पाठवण्यापूर्वीची तयारी

नैराश्य, चिंता किंवा व्यसन यांच्याशी झगडणाऱ्या किशोरवयीन मुलांना साधारण आठ ते बारा आठवडे रानात ठेवून त्यांच्यावर उपचार करणारे कार्यक्रम अमेरिकेत वाइल्डरनेस थेरपी या नावाने चालतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवर हा निर्णय घेण्याची वेळ आली की पहिली चौकशी होते ती सामानाची. बूट, स्लीपिंग बॅग, पावसाळी कपडे हे बहुधा संस्थाच पुरवते. पालकांच्या वाट्याला येणारी तयारी कागदपत्रांची, प्रश्नांची आणि मुलाशी बोलण्याची असते आणि ती मूल घरात असतानाच पुरी करावी लागते.

सर्वप्रथम, कार्यक्रम ज्या राज्यात चालतो त्या राज्याच्या परवाना विभागाकडून संस्थेचा परवाना, तपासणीचे अहवाल आणि तक्रारी स्वतः पाहून घ्याव्यात. शिफारस करणाऱ्या सल्लागाराच्या शब्दावर हे काम सोडू नये. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर 2007 मध्ये अशा निवासी कार्यक्रमांतील दहा मृत्यूंची तपशीलवार छाननी मांडली, तेव्हा अप्रशिक्षित कर्मचारी आणि आजाराच्या लक्षणांकडे झालेले दुर्लक्ष वारंवार समोर आले. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका कार्यक्रमात दाखल झालेला 12 वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी सकाळी मृतावस्थेत आढळला आणि त्याच वर्षी राज्याने त्या संस्थेचा परवाना रद्द केला. हे वाचून पालकांनी घाबरून जावे असा हेतू नाही, पण रात्री मुलाजवळ कोण असते, ते कुठे आणि कशात झोपते, मुलाला धरून ठेवण्यासाठी बळाचा वापर कोणत्या परिस्थितीत होतो, सर्वांत जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे आणि परवानाधारक थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळ प्रत्यक्ष भेटतो, या प्रश्नांची उत्तरे लेखी मागण्याचा संकोच मात्र मुळीच बाळगू नये. उत्तर टाळणारी संस्था तिथेच यादीतून वगळावी. यूटामध्ये 2021 च्या कायद्याने अशा संस्थांची वर्षातून चार वेळा तपासणी आणि मुलाचा आठवड्यातून एकदा कुटुंबाशी खाजगी संवाद बंधनकारक केला आहे. इतर राज्यांत नियम वेगळे असल्याने तिथे हीच हमी संस्थेकडून लिहून घ्यावी.

औषधांची तयारी सर्वांत काळजीपूर्वक करावी. लिथियम घेणाऱ्या मुलाला उन्हात घाम येऊन शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते, आणि मनोविकारांवरील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता घटते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला ठिकाण, ऋतू आणि रोजची चाल सांगून त्याच्याकडून लेखी सूचना घ्याव्यात. ‘रानात गेल्यावर बरे वाटेल’ या आशेने कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. दमा, ॲलर्जी आणि पूर्वीच्या दुखापती यांच्याबरोबरच स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार, आत्महत्येचा प्रयत्न आणि कुटुंबातील मानसिक आजार हेही अर्जात लिहावेत. घरातली गोष्ट घरातच ठेवण्याची आपली सवय येथे मुलाच्या जिवावर बेतू शकते. मूल शाकाहारी असल्यास अंडी चालतात की नाही हेही स्पष्ट कळवावे.

आता मुलाशी बोलण्याविषयी. काही पालक पैसे देऊन माणसे बोलावतात आणि ती माणसे मुलाला पहाटे झोपेतून उठवून घेऊन जातात. मला हा मार्ग अमान्य आहे. ज्या थेरपिस्टवर मुलाने पुढे विश्वास ठेवायचा, त्याच्यापर्यंत ते आईवडिलांवरचा विश्वास गमावून पोहोचते आणि ती भीती वर्षानुवर्षे राहिल्याचे अनेक तरुणांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्याऐवजी घरच्या थेरपिस्टच्या उपस्थितीत, काही दिवस आधी, कुठे जायचे, किती दिवसांसाठी, फोन मिळणार नाही आणि हा निर्णय का घेतला, हे सर्व सांगावे, रागावून बोलले तरी ऐकून घ्यावे आणि सोडायला स्वतः जावे. मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची झाली असेल तर संमती तिचीच लागते आणि तिच्या सहीशिवाय संस्था आईवडिलांना उपचारांची माहिती देऊ शकत नाही, म्हणून माहिती देण्याच्या संमतिपत्रावर आधीच चर्चा करावी. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या तरुणाने कॉलेज सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून वैद्यकीय कारणासाठीची परवानगी घ्यावी.

खर्च हजारो डॉलरांत जातो. विमा कंपनीकडून पूर्वमंजुरीचे उत्तर लेखी घ्यावे आणि थेरपीचे बिल निवासाच्या बिलापासून वेगळे मिळेल का, हे विचारावे.

पुण्या-नागपूरच्या आजीआजोबांना काय सांगायचे, हा प्रश्न लहान वाटतो, पण तो शेवटच्या रात्रीपर्यंत लांबतो. कोणाला किती सांगायचे हे शक्यतो मुलालाच ठरवू द्यावे. पत्रव्यवहार बहुधा कर्मचाऱ्यांच्या नजरेखालून जातो, त्यामुळे आजीने मराठीत लिहिलेले पत्र मुलाला दिले जाईल का, हे आधी विचारून ठेवावे. नाही म्हटले तर इंग्रजी भाषांतर सोबत जोडण्याची तयारी दाखवावी, कारण त्या एकटेपणात आजीचे अक्षर मुलाच्या हाती पडणे मोलाचे असते.

घरी परतल्यावरची तयारीही जाण्यापूर्वीच सुरू करावी. गावातील थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची परतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातील वेळ मागून ठेवावी, शाळेच्या समुपदेशकाशी अभ्यासाचा भार हलका करण्याविषयी बोलावे, घरातील सर्वांची औषधे कुलपात ठेवावीत, 988 हा संकटकाळचा क्रमांक फ्रिजवर लावावा आणि मुलाची खोली त्याला न विचारता आवरू नये.