झोपेतून उठल्यावर लॅपटॉपची स्क्रीन काळी: माझा अनुभव

लॅपटॉपवर लिनक्स आहे. लक्षण असं: झाकण उघडलं की कीबोर्डचे दिवे लागायचे, पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी, कधी नुसत्या रंगीत पट्ट्या. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून संगणकात शिरायची सोय) आत जाता येत होतं, म्हणजे लिनक्स जागं होतं, फक्त ग्राफिक्स मेलेलं. तीन आठवडे पॉवर बटण दाबून धरण्यात गेले.

कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, स्क्रीनवर चित्र दाखवणारी यंत्रणा बदलून वेलँडऐवजी एक्सऑर्ग वापरून पाहिलं. शून्य फरक.

उपाय स्लीपच्या प्रकारात निघाला. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थात रोमनमध्ये करायच्या.) आधी टर्मिनलमध्ये 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' चालवा. माझ्याकडे 'एस2आयडल' (हलकी झोप) आणि 'डीप' (खोल झोप) असे दोन शब्द आले, चौकोनी कंस पहिल्याला. कंसातला तो सध्या चालू. 'डीप' दिसतच नसेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्लीपची सेटिंग आहे का बघा.

लगेच कायमचा बदल करू नका. आधी 'इको डीप | सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप', मग 'सिस्टिमसीटीएल सस्पेंड'. मी पाच वेळा झोपवून उठवला, पाचही वेळा स्क्रीन आली. रीस्टार्टनंतर हा बदल पुसला जातो, त्यामुळे प्रयोग बिनधोक.

मग बदल कायमचा करायला /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब (लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबची सेटिंग फाइल) उघडून 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट'च्या अवतरणचिन्हांत, आधीचं काही न खोडता, एक जागा सोडून 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' जोडलं. 'सुडो अपडेट-ग्रब' (उबुंटू, डेबियनवर), रीस्टार्ट, आणि पहिली आज्ञा पुन्हा: कंस आता 'डीप'भोवती. जागं व्हायला दोनेक सेकंद जास्त लागतात.