मेटोप्रोलॉलची जेनेरिक गोळी घेताना या चुका टाळा

रक्तदाब आणि हृदयविकारावरील मेटोप्रोलॉल हे औषध घेणारे बरेच जण दुकानात 'मेटोप्रोलॉल ५०' एवढेच सांगतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. या औषधाचे टार्ट्रेट आणि सक्सिनेट असे दोन क्षार (म्हणजे रासायनिक रूपे) गोळ्यांत वापरले जातात. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर विरघळते, म्हणून ती बहुधा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सक्सिनेटची गोळी औषध हळूहळू सुटत राहील अशी बनवलेली असते आणि ती दिवसातून एकदाच घेतात. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णांमध्ये मेटोप्रोलॉलमुळे मृत्यूचे प्रमाण घटते हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिट-एचएफ चाचणीने दाखवले, पण त्या चाचणीत वापरलेली गोळी संथ सुटणाऱ्या सक्सिनेटची होती. त्यामुळे अशा, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या, रुग्णाने स्वस्त मिळते म्हणून टार्ट्रेट घेणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पट्टीवर 'सक्सिनेट' हा शब्द आणि सोबत 'एक्सएल', 'एक्सआर' किंवा 'ईआर' यांपैकी एक अक्षरजोडी आहे का, हे आधी पाहावे. अशी गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये. खाच असेल तरच आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच ती अर्धी करावी.

पट्टीवर ४७.५ मिलिग्रॅम वाचून ती कमी ताकदीची समजून परत करणारेही असतात. वास्तविक सक्सिनेटचे ४७.५ मिलिग्रॅम हे टार्ट्रेटच्या ५० मिलिग्रॅमइतकेच असते, आणि बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते. नावाआधी 'एस' असेल तर मात्र खरोखर सावध व्हावे. एस-मेटोप्रोलॉलमध्ये साध्या मेटोप्रोलॉलमधील एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी केवळ परिणामकारक रूप असते, म्हणून त्याची २५ मिलिग्रॅमची गोळी साध्या मेटोप्रोलॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या जागी दिली जाते. आकडा जुळवण्यासाठी 'एस'च्या दोन गोळ्या घेतल्यास डोस दुप्पट होतो. एस-अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबावरील दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही हाच हिशेब आहे.

'एएम' हे शेपूट असलेल्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेले असते. ते वेगळेही चालू असेल तर तेच औषध दोनदा पोटात जाते. जुन्या ब्रँडची उरलेली पट्टी आणि नवी जेनेरिक पट्टी एकाच डब्यात ठेवल्यानेही असेच होते. घरातील वडीलधारे गोळी रंगावरून ओळखतात, नावावरून नव्हे, हे ध्यानात ठेवून जुनी पट्टी बाजूला काढावी.

मेटोप्रोलॉल शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, येते आणि अशा औषधाच्या जागी दुकानदाराने स्वतःच्या मनाने दुसरे देणे नियमात बसत नाही, घटक तोच असला तरीही. म्हणून जनऔषधी केंद्रात जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर क्षार, संथ सुटणारी गोळी आणि मात्रा या तिन्ही गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहून घ्याव्यात (सुवाच्य हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे).

चुकीची पट्टी घरी आल्याचे नंतर लक्षात आले तर घाबरून औषध एकदम बंद करू नये, कारण मेटोप्रोलॉल अचानक थांबवल्यास छातीत दुखणे बळावू शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. नाडी व रक्तदाब मोजून, पट्टीचा फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, धाप किंवा फार मंद नाडी जाणवत असेल तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठावे आणि दोन्ही पट्ट्या सोबत न्याव्यात.